सोळा गुणिले तेवीस

सोळा गुणिले तेवीस किती? कागद घ्यायचा नाही, फोन काढायचा नाही, तोंडी सांगायचं. बहुतेक जण इथे क्षणभर थांबतात. नजर समोरच्या भिंतीवर असते, पण भिंत दिसत नसते. सोळा गुणिले वीस तीनशे वीस, ते बाजूला ठेवा; सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, आता बेरीज. उत्तर येतं, ३६८. या काही सेकंदांत आणखी एक गोष्ट घडून जाते आणि गणित करणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही. त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या हळूहळू मोठ्या होत जातात, उत्तर सापडायच्या ऐन आधी सगळ्यात मोठ्या होतात, आणि उत्तर सांगून झालं की पुन्हा होत्या तशा होतात. खोलीतला उजेड या सगळ्या वेळात जराही बदललेला नसतो.

हाच गुणाकार शिकागो विद्यापीठात एकहार्ड हेस आणि जेम्स पोल्ट या दोघांनी पाच जणांना घातला होता. तो प्रयोग १९६४ साली 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. त्यांनी चढत्या अवघडपणाचे चार गुणाकार निवडले होते : ७ × ८, ८ × १३, १३ × १४ आणि १६ × २३. डोळ्याचं चित्रण करून बाहुली मोजली, तेव्हा पहिल्या गुणाकाराला ती सरासरी ११ टक्क्यांच्या आसपास मोठी झाली होती आणि शेवटच्याला जवळजवळ २२ टक्के. मधले दोन गुणाकार त्याच क्रमाने मध्ये बसले. गणित जितकं अवघड, तितकी बाहुली मोठी. आपल्याकडे 'सात आठे छप्पन्न' हे लहानपणीच जिभेवर बसलेलं असतं, त्यात विचार करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. 'सोळा गुणिले तेवीस' मात्र बसून करावं लागतं. पाठ असणं आणि करावं लागणं यांतला हा फरक बाहेरून मोजता येतो, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते पान पुन्हा वाचून काढलं होतं.

हेस या विषयाकडे वळले त्याची हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. रात्री अंथरुणात पडून ते प्राण्यांच्या सुंदर छायाचित्रांचं पुस्तक चाळत होते. पत्नीचं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे गेलं आणि ती म्हणाली, उजेड कमी असणार, तुमच्या बाहुल्या फार मोठ्या दिसताहेत. दिव्याचा उजेड तर पुरेसा होता. मग बाहुल्या मोठ्या का झाल्या, हा प्रश्न त्यांनी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नेला. पुढे त्यांनी बरेच दावे केले. आवडीचं चित्र पाहिलं की बाहुली मोठी होते आणि नावडतं पाहिलं की लहान, हा त्यांतला सगळ्यात गाजलेला. जाहिरातीच्या धंद्यातल्या लोकांनी तो उचलून धरला. पण नावडत्या गोष्टीने बाहुली लहान होते, हा भाग पुढच्या तपासण्यांत टिकला नाही. गणिताचा भाग टिकला आणि त्यातूनच मानसिक श्रम मोजायची एक विद्याशाखा उभी राहिली.

बाहुली हे एक छिद्र आहे. ते बुबुळाच्या रंगीत पडद्याच्या मधोमध असतं आणि त्याचा व्यास साधारण २ मिलिमीटरपासून ८ मिलिमीटरपर्यंत बदलतो. हा बदल घडवायला पडद्यात दोन स्नायू असतात. एक छिद्राच्या कडेने वर्तुळाकार पसरलेला. तो आवळला की छिद्र लहान होतं. दुसऱ्याचे तंतू छिद्राकडून बाहेरच्या कडेकडे जातात. ते आखडले की छिद्र ओढून मोठं होतं. डोळे तपासायला गेल्यावर थेंब घालून अर्धा तास डोळे मिटून बसायला सांगतात, ते या दोघांपैकी पहिल्याला तात्पुरतं ढिलं पाडण्यासाठी. आपल्याकडे रस्त्याकडेला उगवणाऱ्या धोतऱ्यातही त्याच जातीची द्रव्यं असतात. धोतरा हाताळून तोच हात डोळ्याला लावला, तर बाहुली कित्येक तास मोठीच राहते.

या दोन स्नायूंना जाणारे निरोपही दोन वेगळ्या वाटांनी जातात. लहान करणारा निरोप मेंदूच्या देठातून निघून थोडक्या अंतरात डोळ्यापाशी पोचतो. मोठं करणाऱ्याचा प्रवास मात्र विलक्षण आहे. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून निघतो, मानेतून मज्जारज्जूने खाली छातीच्या पातळीपर्यंत उतरतो, तिथे बाहेर पडून फुफ्फुसाच्या टोकावरून जातो, मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीच्या सोबतीने पुन्हा वर चढतो आणि मग डोळ्यात शिरतो. डोळा आणि मेंदू यांत वीतभराचंही अंतर नाही, तरी ही चिठ्ठी छातीला वळसा घालून येते. म्हणूनच फुफ्फुसाच्या अगदी वरच्या टोकाला गाठ झाली, तर कधी कधी तिची खूण डोळ्यात दिसते. त्या बाजूची पापणी थोडी उतरते आणि बाहुली लहान राहते. जाणता डॉक्टर ती पाहून छातीचा फोटो काढायला सांगतो.

मन कामाला लागलं की या दोन्ही वाटांवर परिणाम होतो. आवळणाऱ्याचा हात सैल पडतो आणि ओढणाऱ्याचा जोर वाढतो. त्यामागच्या सूत्रधारांपैकी एकाचा ठावठिकाणा आता बऱ्यापैकी लागला आहे. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा निळसर ठिपका आहे. दोन्ही बाजूंचा मिळून त्यात जेमतेम ५० हजार पेशी असतील. अब्जावधी पेशींच्या मेंदूत ही संख्या नगण्यच म्हणायची. पण त्या मूठभर पेशींचे फाटे जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेले आहेत आणि त्यांतून नॉरअॅड्रिनॅलिन हे रसायन सोडलं जातं, जे मेंदूला जागं आणि सावध करतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी माकडांच्या या ठिपक्यातल्या पेशींचे विजेचे ठोके आणि बाहुलीचा आकार एकाच वेळी टिपले. पेशी उसळल्या की पाठोपाठ बाहुली मोठी होत होती. मेंदूच्या आणखी काही भागांतही असाच संबंध त्यांना दिसला, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या ठिपक्याला देता येणार नाही. तरी कवटीच्या इतक्या आत चाललेल्या हालचालीचा माग बाहेरून, नुसता कॅमेरा रोखून लागावा, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

हेस यांचा लेख वाचून ज्यांनी हे काम हाती घेतलं, त्यांत पुढे सगळ्यात नावारूपाला आले ते डॅनियल काहनेमन. त्यांना २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते माणूस निर्णय कसे घेतो या संशोधनासाठी. पण १९६५-६६ च्या सुमारास ते अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात, अॅन आर्बर गावी होते आणि जॅक्सन बिटी या तरुण सहकाऱ्याबरोबर बाहुल्या मोजत होते. प्रयोगाला बसणारा माणूस हनुवटी आणि कपाळ टेकवून कॅमेऱ्याकडे बघत बसे. मेट्रोनोमच्या ठोक्यावर दर सेकंदाला एक आकडा ऐकू येई, आणि दर ठोक्याला डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड झोत पडून एक फोटो निघे. सत्र संपलं की फिल्म धुवायला पळायचं, मग ती पडद्यावर टाकून पट्टीने एकेक बाहुली मोजत बसायचं.

त्यांचं पहिलं काम आकडे लक्षात ठेवण्याचं होतं. तीन ते सात आकड्यांची मालिका ऐकायची, क्षणभर थांबायचं आणि ती जशीच्या तशी म्हणून दाखवायची. मोजमापांतून जो आलेख निघाला, तो या शास्त्रातला सगळ्यात देखणा आलेख आहे असं मला वाटतं. प्रत्येक आकडा कानी पडला की बाहुली थोडी मोठी होते, पुढच्या आकड्याला आणखी थोडी. मालिका संपते त्या क्षणी ती शिखरावर असते. मग म्हणून दाखवायला सुरुवात झाली की प्रत्येक आकड्यागणिक बाहुली एकेक पायरी उतरते. डोक्यावर एकेक वीट चढावी आणि एकेक उतरावी, इतकं ते स्पष्ट दिसतं. १९६६ साली हा निबंध 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याहून कठीण कामही त्यांनी शोधून काढलं आणि ते घरी करून बघण्यासारखं आहे. चार आकडे एकेका सेकंदाला वाचायचे, समजा ३, ८, १, ६. ऐकणाऱ्याने प्रत्येकात एक मिळवून त्याच तालात उत्तर द्यायचं : ४, ९, २, ७. हे जमलं की प्रत्येकात तीन मिळवायचे, दहाच्या वर गेलं तर फक्त एककाचा आकडा सांगायचा : ६, १, ४, ९. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण ताल न सोडता सलग दहा मालिका केल्या की घाम फुटतो. आधीचे आकडे धरून ठेवायचे, त्यांत भर घालायची, झालेलं उत्तर सांभाळायचं आणि पुढचा ठोका चुकवायचा नाही, हे सगळं एकदम करावं लागतं. काहनेमन यांनी पाहिलेल्या कामांत बाहुली सर्वांत जास्त ताणणाऱ्यांपैकी हे एक होतं.

अॅन आर्बरच्या त्या प्रयोगशाळेत पुढे बाहुलीचं चित्र बाहेरच्या पडद्यावर दिसेल अशी सोय झाली. पडद्यावर ती फूटभर रुंद दिसे आणि येणारेजाणारे ती बघत उभे राहत. आत बसलेल्या माणसाने मध्येच गणिताचा नाद सोडला, तर बाहेरच्यांना ते लगेच कळे, कारण बाहुली झर्रकन उतरे. 'आत्ता का थांबलात?' असं विचारलं की आतला माणूस चकित होऊन म्हणे, 'तुम्हाला कसं कळलं?' दोन सत्रांच्या मधल्या सुट्टीतही कधी कधी कॅमेरा चालू असे. तेव्हा गप्पा चालत, हसणंखिदळणं होई, आणि बाहुली लहानच राही. साध्या गप्पांना मनाला जवळजवळ काहीच जोर लावावा लागत नाही, हे काहनेमन यांना तिथेच प्रकर्षाने जाणवलं.

१९६७ मध्ये त्यांनी याच कामाला आणखी एक जोड दिली. एक मिळवायचं गणित चालू असताना समोर अक्षरं झरझर उमटत राहायची आणि त्यांत 'के' हे अक्षर दिसलं का, तेही सांगायचं होतं. गणिताच्या सुरुवातीला आणि शेवटी लोकांना 'के' बरोबर दिसत होता. मधल्या काळात, जिथे बाहुली सर्वांत मोठी, तिथे तो कित्येकदा दिसलाच नाही. डोळे उघडे, नजर समोर, बाहुली मोठी झाल्यामुळे आत येणारा उजेडही जास्त, आणि तरी समोरचं अक्षर दिसत नाही. मनाची शिल्लक गणितात खर्च झाली की पाहण्यासाठी काही उरत नाही, याचा इतका थेट पुरावा मी दुसरा वाचलेला नाही.

आता यंत्रं पुष्कळ सुधारली आहेत. कॅमेरा सेकंदाला हजार वेळाही बाहुली मोजू शकतो. इन्फ्रारेड उजेडाचा आपल्यासारख्या काळ्यातपकिरी डोळ्यांच्या लोकांना तर विशेष उपयोग. साध्या उजेडात आपली बाहुली आणि भोवतीचा गडद पडदा एकमेकांत मिसळून जातात, कडा सापडत नाही. पडद्यातलं रंगद्रव्य इन्फ्रारेड किरणं फारशी शोषत नाही, त्यामुळे त्या कॅमेऱ्यात तपकिरी पडदा फिकट राखाडी दिसतो आणि मधली बाहुली काळीकुट्ट, रेखीव, नाण्यासारखी गोल.

तरीही मोजणं नाजूक आहे. विचाराने होणारा बदल सहसा अर्ध्या मिलिमीटरच्या आतला. उजेडाने होणारा त्याच्या कित्येक पटींनी मोठा. खिडकीवरून ढग सरकला तरी प्रयोग वाया जातो. जवळचं पाहिलं की बाहुली लहान होते. नजर कडेला गेली की कॅमेऱ्याला गोल बाहुली लंबगोल दिसते आणि उगाच लहान भासते. शिवाय ती कधीही स्थिर नसते, स्वस्थ बसलेल्या माणसाचीही सतत लहानमोठी होत राहते. म्हणून एकच गणित पुन्हा पुन्हा, तशाच प्रकारच्या वेगवेगळ्या आकड्यांनी घालावं लागतं आणि सगळ्यांची सरासरी काढावी लागते. डोळा मिटला-उघडला त्या जागा भरून काढाव्या लागतात, गणित सुरू होण्याआधीचा आकार वजा करावा लागतो.

दुसरी मर्यादा याहून महत्त्वाची. भीती, उत्सुकता, आश्चर्य, दुखणं, या सगळ्यांनी बाहुली मोठी होते. मन जोर लावतं आहे एवढंच ती सांगते, कशासाठी ते सांगत नाही. शेजारच्या स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी ऐकू आली तर आत वाफ कोंडली आहे हे कळतं, भात शिजतोय की डाळ ते कळत नाही, तसंच हे. म्हणून कॅमेऱ्यात पाहून मुलाचं अभ्यासात लक्ष आहे की नाही किंवा उमेदवार खरं बोलतोय की खोटं हे छातीठोकपणे सांगणारी यंत्रं कुणी विकायला आणली, तर त्यांच्यावर विश्वास ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

या शास्त्राने शिकवलेली आणखी एक गोष्ट मला शाळेशी जोडावीशी वाटते. १९७९ साली सिल्व्हिया अॅहर्न आणि बिटी यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना गुणाकार दिले. प्रवेशपरीक्षेत ज्यांना जास्त गुण होते, त्यांच्या बाहुल्या त्याच गुणाकारांना कमी मोठ्या झाल्या. ज्यांना कमी गुण होते त्यांच्या जास्त. म्हणजे कमी गुणांची मुलं कमी मेहनत घेत नव्हती. तेच गणित सोडवायला ती जास्त जोर लावत होती. 'डोकं चालवत नाहीस' हे वाक्य ज्या मुलांना वर्षानुवर्षं ऐकावं लागतं, त्यांच्या बाजूने डोळ्याची ही साक्ष आहे. आणि ती नुसत्या भावनेची नाही, मोजलेली आहे.

जोर लावायलाही अंत असतो, हे एरिक ग्रॅनहोम आणि सहकाऱ्यांच्या १९९६ च्या प्रयोगात दिसलं. त्यांनी पाच, नऊ आणि तेरा आकड्यांच्या मालिका ऐकवल्या. बाहुली वाढत वाढत गेली, पण माणसाच्या लक्षात राहण्याची हद्द ओलांडल्यावर ती पुढे वाढेना, उलट तेरा आकड्यांच्या मालिकेत अखेरीला उतरू लागली. मनाने हात टेकले तो क्षण आलेखात दिसतो.

नेमक्या याच गोष्टीचा उपयोग आज कान तपासणाऱ्यांना होतो आहे. अॅम्स्टरडॅममध्ये अॅड्रियाना झेकवेल्ड, सोफिया क्रेमर आणि सहकाऱ्यांनी लोकांना गोंगाटात मिसळलेली वाक्यं ऐकवून बाहुल्या मोजल्या. २०१० पासून त्यांचे निबंध येत आहेत. गोंगाट वाढला, वाक्य अर्धंमुर्धं समजू लागलं की बाहुली सर्वांत मोठी होते. काहीच समजेनासं झालं की ती पुन्हा लहान होते, कारण ऐकणाऱ्याने प्रयत्न सोडलेला असतो. कानाच्या नेहमीच्या तपासणीत किती शब्द बरोबर ऐकू आले याचे गुण मिळतात. पण दोन माणसांना सारखेच गुण मिळाले, तरी एकाला ते सहज मिळालेले असतात आणि दुसऱ्याला जीव काढून. लग्नाच्या हॉलमध्ये, पंगतीच्या आणि लाऊडस्पीकरच्या आवाजात आजोबा सगळ्यांना बरोबर उत्तरं देतात, आणि घरी आल्यावर कुणाशी न बोलता आडवे होतात. कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा हा थकवा घरातल्यांना बहुतेकदा रुसवा वाटतो. आता तो मिलिमीटरच्या हिश्श्यांत दाखवता येतो, आणि श्रवणयंत्राची कुठली मांडणी ऐकणाऱ्याचे कष्ट कमी करते, हेही त्यावरून पडताळता येतं.

आणि शेवटी एक प्रयोग असा, की ज्यात ही मर्यादित माहिती, जोर आहे की नाही एवढीच, बोलण्यासाठी पुरेशी ठरली. मेंदूच्या देठाला झटका आला, तर काही रुग्ण शुद्धीत असतात, सगळं ऐकतात, समजतात, पण हातपाय, चेहरा, जीभ यांतलं काहीच हलवता येत नाही. बहुतेकांना डोळ्यांची वरखाली हालचाल किंवा पापणी मिटणं जमतं. काहींना तेही अवघड जातं. जर्मनीतल्या मारबुर्गच्या वोल्फगांग आइनहॉइझर यांनी इतर देशांतल्या सहकाऱ्यांसह २०१३ साली अशा रुग्णांसाठी एक रीत प्रसिद्ध केली. रुग्णाला हो किंवा नाही असं उत्तर असलेला प्रश्न विचारायचा. मग 'हो' ऐकवून एक गणित दाखवायचं, काही सेकंदांनी 'नाही' ऐकवून दुसरं. रुग्णाने आपल्या उत्तराच्या वेळचं गणित सोडवायचं आणि दुसरं सोडून द्यायचं. गणिताचं उत्तर कुणी विचारत नाही, ते चुकलं तरी बिघडत नाही. दोन गणितांपैकी कुठल्या वेळी बाहुली जास्त मोठी झाली, एवढंच कॅमेरा पाहतो.

निरोगी माणसांत ही रीत सरावाशिवाय चालली. रुग्णांना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं संशोधकांना आधीच ठाऊक होती, म्हणून खात्री करून घेता आली. सगळ्यांच्या बाबतीत साधलं नाही, पण काहींची उत्तरं योगायोगाने येतील त्यापेक्षा नक्कीच जास्त बरोबर आली. शुद्धीवर आहे की नाही याचीच शंका असलेल्या एका रुग्णाबाबतही, सांगितल्यावर तो गणित करायला घेतो, असं बाहुलीवरून दिसलं. साहित्य म्हणून लागला एक कॅमेरा आणि एक लॅपटॉप. गणित मात्र निवडून घ्यावं लागतं. सात आठे छप्पन्नसारखं पाठ असलेलं इथे कामाचं नाही. डोकं घालावं लागेल असंच हवं, कारण त्या रुग्णाला 'हो' म्हणायचं असेल, तर तो ते मन लावून सोडवूनच म्हणू शकतो.